आज्ञेने घेतलेला संन्यास

संन्यास हा शब्द उच्चारला की हिंदू मनापुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. संसाराची असारता ज्याला पुरती उमगली आहे, ज्याच्या वासना निमाल्या आहेत, असा पुरुष घराचा उंबरठा ओलांडतो आणि मागे वळून पाहत नाही. हा त्याग त्याने स्वतःहून केला, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते. परंतु ज्याच्या अंगावर संन्यासाची वस्त्रे दुसऱ्याच्या आज्ञेने चढली, ज्याचा देह मठात गेला आणि मन मात्र संसारातच राहिले, त्याने पुढे काय करावे? ढोंग करावे, बंड करावे, की न मागितलेल्या त्या आयुष्यातूनच काही खरे घडवावे? बाराव्या शतकातील फ्रान्समध्ये एका विदुषीपुढे हा प्रश्न उभा राहिला. तिचे नाव एलोईझ.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांना ख्रिस्ती मठजीवन अगदीच अपरिचित नाही. फ्रेंच अमदानीपासून या बेटावर कॅथॉलिक पंथ रुजलेला आहे. जोगिणींच्या शाळांतून अनेक हिंदू कन्यांनीही विद्या घेतली आहे. त्यांचा साधा वेष, त्यांचे मोजके बोलणे, घंटेच्या नादाबरोबर हातातले काम खाली ठेवण्याची त्यांची शिस्त ही पुष्कळांच्या पाहण्यातील आहे. परंतु त्या शिस्तीमागे किती शतकांचा विचार आहे, आणि त्या विचारात एका अनिच्छुक जोगिणीचा वाटा किती मोठा आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. एलोईझची कथा लोक सांगतात ती प्रेमकथा म्हणून. ती प्रेमकथा आहे यात शंका नाही. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे तिच्या आयुष्याचा अर्धाच भाग वाचून ग्रंथ मिटण्यासारखे होय.

पाश्चात्य मठजीवनाचा पाया संत बेनेडिक्ट याने घातला. सहाव्या शतकात इटलीमधील माँते कासिनोच्या डोंगरावर त्याने मठ स्थापन केला आणि तेथील साधकांसाठी एक नियमावली लिहिली. तिची प्रकरणे ७३. दिवसरात्रीत मिळून आठ वेळा सामुदायिक प्रार्थना, ठरलेल्या वेळी वाचन, ठरलेल्या वेळी अंगमेहनत, मोजका आहार आणि अल्प भाषण अशी तिची आखणी आहे. साधकाने तीन गोष्टींची शपथ घ्यावयाची: त्याच मठात अखेरपर्यंत राहण्याची, आपले आचरण पालटण्याची आणि आज्ञापालनाची. परंतु बेनेडिक्ट शहाणा होता. नवागताला त्याने एकदम दारात घेतले नाही. त्याला वर्षभर पारखावे, त्या वर्षात तीन वेळा ही संपूर्ण नियमावली वाचून दाखवावी, आणि प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे की पाळणे झेपत असेल तर राहा, नसेल तर तू जावयास मोकळा आहेस, असे त्याने लिहून ठेवले. शपथ घेणाऱ्याला आपण कशाची शपथ घेतो हे कळले पाहिजे, असा याचा अर्थ. ज्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी वाचता न येणाऱ्या कराराच्या कागदावर अंगठा उठविला आणि मग समुद्र ओलांडला, त्या वाचकांना या एका नियमाचे मोल वेगळे सांगावयास नको.

मठाप्रमाणेच विवाहाविषयीही त्या काळी युरोपात मोठा ऊहापोह चालू होता. विवाह नेमका कशाने होतो? वडिलांच्या देण्याने, धर्मगुरूच्या आशीर्वादाने, समागमाने, की वधूवरांच्या संमतीने? इ. स. ११४० च्या सुमारास बोलोन्या येथे ग्रेशियनने चर्चच्या विधिनियमांचे जे महान संकलन केले, त्यात संमती आणि समागम या दोहोंना महत्त्व दिले होते. पॅरिसचा पंडित पीटर लोंबार्ड याने मात्र वधूवरांनी परस्परांस दिलेल्या तात्काळ संमतीवर भर दिला. पुढे पोप तिसरा अलेक्झांडर (इ. स. ११५९ ते ११८१) याच्या निर्णयांनी संमतीचे तत्त्व दृढ केले. गुप्त विवाह चर्चला पसंत नसत, आणि १२१५ च्या लॅटरन परिषदेने विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा करण्याचा दंडक घातला. तरीही धर्मगुरू आणि साक्षीदार नसल्यास विवाहच होत नाही, असा नियम कॅथॉलिक पंथात १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने केला. तोवर गुपचूप लागलेला विवाहही विवाहच होता. मॉरिशसमध्ये धर्मविधीने लागलेले हिंदू विवाह सरकारी नोंदीअभावी दीर्घकाळ कायद्याच्या लेखी विवाहच नव्हते, आणि त्याची झळ किती बायकामुलांना लागली, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, त्यांना हा प्रश्न निव्वळ शास्त्रार्थाचा वाटणार नाही.

मठ आणि विवाह या दोन संस्था जेथे एकमेकींना भिडत, तेथे चर्चचा आणखी एक नियम होता. विवाहित पतीला किंवा पत्नीला जोडीदाराच्या संमतीवाचून मठात जाता येत नसे. मराठी वाचकाला येथे आळंदीच्या विठ्ठलपंतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पत्नीच्या खऱ्या संमतीवाचून त्यांनी काशीस संन्यास घेतला, आणि गुरूंना ते कळताच त्यांनी शिष्याला पुन्हा गृहस्थाश्रमात धाडले, अशी परंपरेने आलेली कथा आहे. तेथे एका गुरूने स्त्रीच्या संमतीची चौकशी तरी केली. एलोईझच्या बाबतीत संमती मिळाली होती. पण ती कशी मिळाली, हे कोणी विचारले नाही.

पिएर आबेलार याचा जन्म इ. स. १०७९ मध्ये ब्रिटनी प्रांतात, नांत शहराजवळच्या ल पाले या गावी झाला. बाप सरदारी पेशाचा. पण थोरल्या मुलाच्या वाट्याला येणारा मान आणि शस्त्रे सोडून या मुलाने तर्कशास्त्र जवळ केले. पॅरिसला येऊन त्याने आपल्याच गुरूंना वादात जिंकले, आणि नोत्रदाम येथील विद्यालयात तो स्वतः आचार्य झाला. देशोदेशीचे विद्यार्थी त्याच्याभोवती जमू लागले. धर्माचार्यांची परस्परविरोधी वचने १५८ प्रश्नांखाली समोरासमोर मांडणारा त्याचा ‘होय आणि नाही’ या अर्थाच्या नावाचा लॅटिन ग्रंथ आजही तत्त्वज्ञानाच्या इतिहासात आदराने उल्लेखिला जातो. कीर्ती आली तसा गर्वही आला, हे त्याने स्वतःच आपल्या आत्मकथनात मान्य केले आहे.

नोत्रदामच्या धर्मपीठाचा एक अधिकारी फुल्बेर याची भाची म्हणजे एलोईझ. बालपणी आर्जांतेय येथील जोगिणींच्या मठात तिचे शिक्षण झाले होते, आणि लॅटिन विद्येतील तिच्या प्रावीण्याची ख्याती दूरवर पसरली होती. स्त्रियांना विद्येची दारे जवळजवळ बंद असलेल्या काळात ही गोष्ट असामान्य होय. फुल्बेरला भाचीच्या विद्येचा अभिमान होता. आबेलारने त्याच्या घरी राहावयास यावे आणि सवडीप्रमाणे तिला शिकवावे, असे ठरले. आपण हे हेतुपूर्वक घडवून आणले, असे आबेलारने पुढे लिहिले. ग्रंथ उघडे राहिले आणि पाठ दुसरेच चालले. एलोईझला दिवस गेले. आबेलारने तिला ब्रिटनीत आपल्या बहिणीकडे पोचविले. तेथे तिला मुलगा झाला. त्याचे नाव तिने आस्त्रोलाब ठेवले. आकाशातील ताऱ्यांची स्थिती मोजण्याच्या ज्या यंत्राला भारतीय ज्योतिषी यंत्रराज म्हणत, त्याचेच हे नाव. कोणत्याही संताचे नाव सोडून या मातेने मुलाला विद्येचे नाव द्यावे, यात तिचा सारा स्वभाव उतरला आहे.

फुल्बेरचा क्रोध शांत करण्यासाठी आबेलारने विवाहाची तयारी दाखविली. मात्र तो गुप्त राहावा अशी अट घातली. त्या काळी विद्यालयांतील आचार्य चर्चच्या सेवकवर्गात मोडत, आणि विवाहित आचार्याच्या पुढील उन्नतीची वाट बंद होई. याच शतकात, ११२३ आणि ११३९ च्या लॅटरन परिषदांनी, उच्च दीक्षा घेतलेल्या धर्मसेवकांचे विवाह निषिद्ध आणि अखेर निरर्थक ठरविले. वारे कोणत्या दिशेने वाहत होते ते यावरून दिसते. आश्चर्य असे की या विवाहाला खुद्द एलोईझचाच विरोध होता. तिने जुन्या तत्त्वज्ञांचे आणि संत जेरोमचे दाखले दिले. एका खोलीत पाळण्यातले मूल रडते आहे, दाई त्याला जोजविते आहे, आणि दुसऱ्या खोलीत तत्त्वचिंतन चालले आहे, हे जुळावयाचे कसे, असे तिने विचारले. या युक्तिवादामागे आणखी एक विचार होता आणि तो तिने पुढे स्वतःच्या पत्रात उघड केला. प्रेमाला मोबदला नसावा. स्त्री जर पुरुषाचे धन किंवा पद पाहून त्याला वरीत असेल, तर तो एक प्रकारचा विक्रय होय, मग त्याला विवाहाचे नाव असो. पत्नी हे नाव पवित्र असेल. परंतु तिला सखी म्हणवून घेणे अधिक प्रिय होते, कारण सखीला कसलाच हक्क नसतो आणि म्हणून तिच्या प्रेमात कसलाच व्यवहार नसतो.

तिचे म्हणणे मानले गेले नाही. पहाटेच्या वेळी, मोजक्या माणसांसमक्ष, पॅरिसमधील एका चर्चमध्ये विवाह झाला. फुल्बेरच्या मंडळींनी ते गुपित बाहेर फोडले. एलोईझने शपथेवर नाकारले, तेव्हा मामाने तिचा छळ मांडला. आबेलारने तिला आर्जांतेयच्या त्याच जुन्या मठात नेऊन ठेवले आणि जोगिणीचा वेष दिला. केवळ शिरोवस्त्र तेवढे दिले नाही. भाचीला मठात टाकून हा आता मोकळा होणार, असे फुल्बेरच्या मनाने घेतले. एका रात्री त्याने पाठविलेली माणसे आबेलारच्या खोलीत शिरली आणि त्यांनी त्याचे पुरुषत्व छेदून टाकले. त्यांना वाट दाखविणारा आबेलारचा स्वतःचा नोकर होता.

लाजेने व्याकुळ झालेल्या आबेलारने सँ-दनीच्या मठात संन्यास घेण्याचे ठरविले. पण त्याआधी त्याने पत्नीला आज्ञा केली की तू प्रथम शपथ घे. तिच्या तारुण्याची कीव येऊन अनेकांनी तिला थांबविण्याचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. वेदीकडे जाताना तिच्या ओठांवर प्रार्थना नव्हती, बायबलमधील वचन नव्हते. रोमन कवी ल्यूकनच्या महाकाव्यात पराभूत पाँपीची पत्नी कॉर्नेलिया जो विलाप करते, तो म्हणत, हुंदके देत ती पुढे गेली आणि बिशपने पवित्र केलेले शिरोवस्त्र तिने उचलले. देवाला वाहिली जाणारी ही स्त्री त्या क्षणी पतीच्या दुर्दैवाबद्दल स्वतःला शिक्षा करून घेत होती. ज्याने हा प्रसंग लिहून ठेवला त्या आबेलारला त्याचा अर्थ कितपत कळला होता, कोण जाणे. आपण आधी शपथ घ्यावी असे त्याने म्हणावे, म्हणजे आपण मागे वळून पाहू अशी त्याला शंका आली, हे शल्य तिच्या मनात पुढे अनेक वर्षे सलत राहिले.

यानंतर बरीच वर्षे दोघांत काही संबंध उरला नाही. ११२१ मध्ये स्वासों येथील परिषदेने आबेलारचा एक ग्रंथ त्याच्याच हातून आगीत टाकविला. विटून तो शाँपाञ प्रांतात नोजाँ-सूर-सेनजवळ एका ओसाड जागी गेला आणि बोरूगवताचे एक छोटे प्रार्थनामंदिर बांधून राहू लागला. विद्यार्थी तेथेही आले. त्यांनी ते मंदिर दगडलाकडाचे बांधून दिले. त्याला पाराक्ले, म्हणजे सांत्वन करणारा, हे पवित्र आत्म्याचे नाव त्याने दिले. पुढे तो ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील सँ-जिल्दा मठाचा अधिपती होऊन गेला आणि ते मंदिर ओस पडले. इकडे एलोईझ आर्जांतेयच्या मठात उपाध्यक्षेच्या पदाला पोचली होती. ११२९ मध्ये सँ-दनीचा प्रभावशाली मठाधिपती सुजेर याने त्या मठावर जुना हक्क सांगितला आणि जोगिणींना बाहेर काढले. निराधार झालेल्या एलोईझला आणि तिच्याबरोबर राहिलेल्या भगिनींना आबेलारने आपले पाराक्ले देऊन टाकले. पोप दुसरा इनोसेंट याने ११३१ मध्ये या दानाला मान्यता दिली.

त्यानंतर थोड्याच काळाने आबेलारने एका मित्राला उद्देशून आपल्या विपत्तींची कहाणी लिहिली. ती एलोईझच्या हाती पडली. तिने पतीला पत्र लिहिले, आणि त्यातून जो पत्रव्यवहार निर्माण झाला तो युरोपच्या वाङ्मयात अमर झाला. तेराव्या शतकात झाँ द मँ याने त्या पत्रांचे फ्रेंच भाषांतर केले. इटलीचा महाकवी पेत्रार्क याच्या संग्रही त्यांची एक प्रत होती आणि तिच्या समासांत त्याच्या हातच्या नोंदी आहेत. ही पत्रे खरोखर त्या दोघांचीच का, असा वाद एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात विद्वानांनी बराच घातला. आज बहुतेक अभ्यासक ती खरी मानतात.

त्या पत्रांत एलोईझने जे कबूल केले ते वाचून भाविक मनुष्य आजही दचकेल. लोक मला पवित्र म्हणतात, कारण त्यांना माझे बाह्य आचरण दिसते, असे ती सांगते. मी मठात आले ती ईश्वराच्या ओढीने नव्हे, तुमच्या आज्ञेने. तेव्हा ईश्वराकडून फळाची अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करावी? प्रार्थनेच्या अगदी पवित्र क्षणीसुद्धा जुन्या सुखांची चित्रे मनापुढे उभी राहतात. झाल्या गोष्टींचा पश्चात्ताप व्हावा, तर मन गमावल्याचाच शोक करते. ही भाषा निर्लज्जपणाची नव्हे. दोषाचे मूळ कृतीत नसून हेतूत असते, हे तत्त्व आबेलारने आपल्या नीतिशास्त्रात प्रतिपादिले आहे. तेच माप एलोईझने स्वतःला लावले. जग कृती पाहून तिला साध्वी ठरवीत होते; ती हेतू पाहून स्वतःला दोषी ठरवीत होती. आपल्याविषयीचा चांगला गैरसमज स्वतःच मोडून काढण्याचे धैर्य थोड्याच संन्याशांना होते.

आबेलारने उत्तर दिले ते गुरूच्या आणि धर्मोपदेशकाच्या भूमिकेतून. आता तू माझी नव्हे, ख्रिस्ताची वधू आहेस, मागचे सारे ईश्वराच्या दयेने घडले असे समज, असा त्याचा उपदेश. त्याने दोघांसाठी एक प्रार्थनाही लिहून पाठविली. सांत्वन हवे होते तेथे शास्त्र मिळाले. यापुढे दोन मार्ग मोकळे होते. एलोईझ तीच तक्रार पुनःपुन्हा करीत राहिली असती, किंवा वरवरची शांती धारण करून गप्प बसली असती. तिने तिसरा मार्ग काढला. पुढच्या पत्राच्या आरंभीच ती म्हणते की मनाला आवर घालणे माझ्या हाती नाही. पण हाताला आवर घालणे हाती आहे, तेव्हा तुमच्या आज्ञेप्रमाणे मी त्या विषयावर लिहिणार नाही. आणि लगेच ती दुसरी मागणी करते. तुम्ही आम्हाला दोन गोष्टी द्या: स्त्रियांच्या संन्यासाची परंपरा कोठून आली त्याचा इतिहास, आणि स्त्रियांना योग्य अशी नियमावली.

या मागणीच्या समर्थनार्थ तिने जे लिहिले, त्यात तिची खरी थोरवी आहे. बेनेडिक्टची नियमावली पुरुषांसाठी लिहिलेली आहे, हे तिने निर्भीडपणे दाखवून दिले. त्यातील लोकरीची वस्त्रे अंगालगत घालून मासिक धर्माच्या दिवसांत स्त्रियांनी काय करावे? मठाधिपतीने पाहुण्यांच्या आणि यात्रेकरूंच्या पंक्तीला बसावे असे त्यात आहे; मग मठाध्यक्षेने परक्या पुरुषांच्या पंक्तीला बसावे काय? सुगीच्या दिवसांत शेतात राबण्याचे जे कष्ट त्यात सांगितले आहेत, ते सर्व स्त्रियांना झेपतील काय? तरीही त्याच नियमावलीवर हात ठेवून स्त्रिया शपथ घेत आल्या, आणि जे पाळणे शक्य नाही त्याची शपथ म्हणजे आरंभीच असत्य. ज्याची पुरती माहिती नाही त्या नियमाला बांधून घेणे हे अविचाराचे होय, असे तिने बजावले. वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखविण्याची बेनेडिक्टची सूचना तिच्या डोळ्यांपुढे होती. स्वतः तिला ती मोकळीक मिळाली नव्हती. म्हणूनच तिच्यामागून येणाऱ्या मुलींनी तरी डोळे उघडे ठेवून शपथ घ्यावी, ही कळकळ या ओळींमागे जाणवते.

आहाराविषयीचे तिचे विचारही असेच मोकळे आहेत. अन्न, पाणी, वस्त्र या गोष्टी स्वतः पवित्रही नसतात आणि अपवित्रही नसतात. आतला भाव महत्त्वाचा. बाह्य आचारांचे ओझे वाढवीत गेल्याने भक्ती वाढत नाही. उपवासाचे दिवस मोजणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाने हे मनन करावे असे आहे.

आबेलारने ही मागणी पूर्ण केली. स्त्रियांच्या व्रतस्थ जीवनाची थोरवी सांगणारे एक दीर्घ पत्र आणि पाराक्लेसाठी एक सविस्तर नियमावली त्याने लिहून पाठविली. एलोईझने आणि तिच्या भगिनींनी बायबलच्या वाचनात आलेल्या ४२ शंका विचारल्या आणि त्याने त्यांची एकेक करून उत्तरे दिली. तिच्याच विनंतीवरून त्याने त्या मठासाठी शंभरावर स्तोत्रे रचली. म्हणजे ज्या दोघांचा संसार उभा राहण्यापूर्वीच मोडला, त्यांनी पत्रांच्या द्वारा एक मठ संसारासारखा उभा केला. आणि त्यात एलोईझ केवळ आज्ञा झेलणारी नव्हती. आबेलारच्या नियमावलीतील सर्वच गोष्टी पाराक्लेने स्वीकारल्या नाहीत. मठाचे आचार त्याच्या स्वतःच्या अनुभवातून घडत गेले. आरंभी दारिद्र्यात असलेला तो मठ हळूहळू स्थिरावला आणि त्याच्या सहा शाखा निघाल्या. पतीच्या विरहात झुरणाऱ्या नायिकेचे चित्र रंगविणाऱ्या कवींना जमिनीचे दस्तऐवज, धान्याची कोठारे आणि नवागत मुलींचे शिक्षण सांभाळणारी ही कर्तबगार मठाध्यक्षा क्वचितच दिसली आहे.

आबेलारच्या नशिबी शांती नव्हती. ११४१ मध्ये साँस येथे क्लेर्व्होच्या संत बर्नारने पुढाकार घेऊन त्याच्या मतांचा धिक्कार करविला. पोपकडे दाद मागण्यासाठी रोमकडे निघालेला हा थकलेला पंडित वाटेत क्लूनीच्या विख्यात मठात थांबला. तेथील अधिपती पिएर, ज्याला ‘पूज्य’ असे उपपद लोकांनी दिले, याने त्याला ठेवून घेतले, बर्नारशी त्याचा समेट घडवून आणला आणि त्याला आदराने वागविले. २१ एप्रिल ११४२ रोजी शालों शहराजवळच्या सँ-मार्सेल मठात आबेलारने देह ठेवला.

पूज्य पिएरने एलोईझला जे सांत्वनपत्र लिहिले ते या साऱ्या कथेचा मुकुटमणी होय. आपल्या तरुणपणापासून आपण तुमच्या विद्येची कीर्ती ऐकत आलो, असे तो प्रथम नम्रपणे सांगतो. मग आबेलारच्या अखेरच्या दिवसांतील साधेपणा, मौन, अखंड वाचन यांचे वर्णन करतो. आणि शेवटी, ज्याच्याशी तुम्ही आधी देहाच्या आणि मग त्याहून दृढ अशा ईश्वरी प्रेमाच्या बंधनाने बांधल्या गेलात, त्याला ईश्वर तुमच्या जागी आपल्या कुशीत जपतो आहे, आणि अखेरच्या दिवशी तो त्याला तुमच्याकडे परत देईल, अशा आशयाचे आश्वासन देतो. जो विवाह चोरून लागला, ज्याला पत्नीनेच शपथेवर नाकारले, त्याला युरोपातील सर्वांत मोठ्या मठाच्या ब्रह्मचारी अधिपतीने अशा रीतीने मान दिला. संन्यास खरा असेल तर त्याला गृहस्थाच्या प्रेमाची भीती वाटत नाही, हेच पिएरने दाखविले.

त्याने आबेलारचा देह स्वतः पाराक्लेला पोचविला. त्यानंतर एलोईझने त्याला लिहिलेले पत्र छोटेसे आहे. त्यात भावनेचा पूर नाही. तीन मागण्या आहेत. माझ्या मृत्यूनंतर क्लूनीच्या साधूंनी माझ्यासाठी प्रार्थना कराव्यात हे आपण दिलेले वचन लेखी द्यावे. पतीच्या पापांची क्षमा जाहीर करणारे मोहोरबंद पत्र त्याच्या समाधीवर लावण्यासाठी पाठवावे. आणि आपल्या आस्त्रोलाबसाठी एखाद्या धर्मपीठात वृत्तीची सोय पाहावी. या एका पानात साध्वी, पत्नी आणि माता तिघीही शेजारी शेजारी उभ्या आहेत. सुमारे पंचवीस वर्षे उलटून गेली होती, पण मठाच्या भिंतींनी त्यांपैकी एकीलाही पुसून टाकले नव्हते.

एलोईझ ११६४ मध्ये निवर्तली. सुमारे पस्तीस वर्षे तिने पाराक्ले सांभाळले. तिला पतीच्या शेजारी पुरले. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९२ मध्ये, तो मठ विकला गेला. दोघांचे अवशेष निरनिराळ्या ठिकाणी फिरून १८१७ मध्ये पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानभूमीत आले. तेथील समाधीवर प्रेमी जन आजही फुले वाहतात.

ती फुले योग्यच आहेत. परंतु एलोईझपाशी शिकण्यासारखे आहे ते निराळेच. आयुष्यातील सर्वांत मोठी शपथ तिने स्वतःच्या मनाने घेतली नाही, आणि तशी घेतली असे तिने कधी भासविलेही नाही. ईश्वराची ओढ तिला पुढे लागली की नाही, हे तिने कोणाला सांगितले नाही, आणि ते विचारण्याचा अधिकारही कोणाला नाही. जेथे आपल्याला आणून टाकले, तेथे आपल्यामागून येणाऱ्यांचे पाऊल अधिक सुखाने पडावे, एवढे मात्र तिने पाहिले. परक्या जमिनीवर, दुसऱ्याने लिहिलेल्या अटींवर उतरलेल्या माणसांनी ऊसमळ्यांच्या कडेला देवळे आणि शाळा उभ्या केल्या, तेव्हा त्यांच्याही मनात याहून वेगळे काही नसावे. मिळालेले आयुष्य निवडलेले नव्हते. त्याचे काय करावयाचे, ते मात्र त्यांनी निवडले.